‘चांदूर’ म्हणजे कोणतं चांदूर, हे एजंटला कोण सांगणार?

पत्र

नमस्कार. अमरावती जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी संगणकाचं काम पाहते. सभासदांच्या प्रश्नांना व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तरं देणारा एआय एजंट आम्ही बसवला आहे. त्याला चौदा टूल, म्हणजे गरजेप्रमाणे त्याला वापरता येणारे छोटे प्रोग्रॅम, जोडली आहेत: बाजारभाव, हमीभाव, हवामान, बियाण्याचा हिशेब, फवारणीची मात्रा, माल आणण्याचं टोकन वगैरे. कोड नीट चालतो, प्रत्येक टूल मी हातानं तपासलंय. तरी एजंट घोळ घालतो. ‘चांदूरले सोयाबीनचा का भाव हाय?’ असं विचारलं की कधी हमीभाव सांगतो, तर कधी चांदूर बाजारच्या माणसाला चांदूर रेल्वेचा भाव देतो. एका काकांनी विचारलं, ‘माह्यं तीन एकर वीस गुंठे वावर हाय, बियाणं किती लागन?’ त्यानं ३.२० एकर धरून हिशेब दिला. मागच्या हंगामात एकाच शेतकऱ्याची दोन टोकनं निघाली होती. टूलची वर्णनं सोबत पाठवते. एजंटमागचं एआय मॉडेल बदलून मोठं, महागडं घ्यावं का? आणि वर्णनं इंग्रजीत लिहावीत की मराठीत? पेरणी तोंडावर आली आहे.

— एक वाचक, जि. अमरावती

उत्तर

ताई, मॉडेल तूर्त बदलू नका. तुमच्या बाजारभावाच्या टूलपुढे एवढंच लिहिलंय: ‘भाव मिळवते.’ हमीभावाच्या टूलपुढे: ‘पिकाचा दर मिळवते.’ अडत्याकडे आज सकाळी कामाला लागलेल्या पोराला ही दोन वाक्यं वाचायला द्या आणि चांदूरच्या प्रश्नाला यातलं कोणतं लावशील ते विचारा. तोही अंदाजानंच बोट ठेवेल. महागडं मॉडेल फार तर जास्त आत्मविश्वासानं अंदाज करेल.

तुमचा कोड मॉडेलला कधीच दिसत नाही. त्याच्यापुढे प्रत्येक टूलच्या तीनच गोष्टी येतात: नाव, वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या रूपात भरायची याचा साचा (तो जेसन या मजकूर मांडायच्या पद्धतीत लिहिलेला असतो). शेतकऱ्याचं वाक्य आणि हे तीन कागद एवढ्यावर ते टूल निवडतं आणि रकाने भरतं. चांदूर नावाची दोन तालुक्याची गावं आहेत, ‘भाव’ म्हटलं की बाजार समितीतला भाव, एकराचे गुंठे चाळीस असतात, हे सगळं तुम्हाला इतकं माहीत आहे की लिहायचं सुचलंच नाही. तुमचा सगळा घोळ या न लिहिलेल्या माहितीतून आला आहे.

बाजारभावापासून सुरुवात करू. नाव आधी बदला. तुमच्या यादीत ‘गेट_रेट’ आणि ‘गेट_प्राइस’ अशी दोन नावं आहेत, त्यांत फरक करायला मॉडेलकडे काही आधारच नाही. एकाला ‘बाजारभाव_पाहा’ आणि दुसऱ्याला ‘हमीभाव_पाहा’ म्हणा. (टंकताना नाव रोमन अक्षरं, आकडे, अंडरस्कोर आणि डॅश यांतच ठेवा, ६४ अक्षरांच्या आत. देवनागरी नाव बहुतेक ठिकाणी चालत नाही. इथे वाचायला सोपं पडावं म्हणून देवनागरीत देतो आहोत.) मग वर्णन असं लिहा:

‘बाजार समितीत एका दिवशी प्रत्यक्ष झालेल्या व्यवहाराचा दर देते: किमान, कमाल आणि सर्वसाधारण, रुपये प्रति क्विंटल. शेतकरी नुसतं “भाव”, “रेट” किंवा “मार्केट कसं आहे” असं विचारतो तेव्हा हे वापरा. सरकारनं जाहीर केलेला हमीभाव विचारला असेल तर हे वापरू नका, त्यासाठी हमीभाव_पाहा आहे. पुढे भाव वाढेल की पडेल हे या टूलला सांगता येत नाही. बाजार बंद असेल किंवा त्या दिवशी त्या मालाची आवक नसेल तर यादी रिकामी येते. रिकामी यादी म्हणजे भाव शून्य नव्हे. अशा वेळी शेवटच्या व्यवहाराचा दर त्याच्या तारखेसह सांगा, आजचा म्हणून सांगू नका.’

सात-आठ वाक्यं झाली, आणि ती लागतातच. एआय मॉडेल बनवणाऱ्या अँथ्रोपिक कंपनीच्या मार्गदर्शनातही प्रत्येक टूलला निदान तीन-चार वाक्यं लिहा असंच सांगितलं आहे. टूल काय करतं हे कुणीही लिहितो. कधी वापरू नये आणि रिकामं उत्तर आलं तर त्याचा अर्थ काय, या दोन गोष्टी लिहायच्या राहतात. रविवारी बाजार बंद असतो, यादी रिकामी येते, आणि मॉडेल आपल्या आठवणीतला जुना आकडा आजचा म्हणून सांगून मोकळं होतं.

हमीभावाच्या टूलमध्ये उलट बाजूनंही लिहा, ‘बाजारातला भाव विचारला असेल तर हे वापरू नका.’ दोन टूल एकमेकांशी गल्लत होण्यासारखी असतील तर दोघांच्याही वर्णनात दुसऱ्याचं नाव हवं. एकातच लिहून भागत नाही. शिवाय तिथे हंगामाचा रकाना सक्तीचा करा. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ ला ५,३२८ झाला. मॉडेलच्या आठवणीत यातला कोणता बसलाय याचा भरवसा नाही, म्हणून ‘हमीभाव दर हंगामाला बदलतो, आठवणीतून सांगू नका, हे टूल लावूनच सांगा’ हे वाक्य तिथे घालाच. कापसासाठी धाग्याच्या लांबीचा रकाना ठेवा. २०२५-२६ ला मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये होते, नुसतं ‘कापूस’ म्हणून एक आकडा निघत नाही.

गावांची नावं

तुमच्या टूलमध्ये ‘ठिकाण’ हा मोकळा रकाना आहे. त्यात मॉडेल ‘चांदूर’ लिहितं, आणि तुमचा कोड यादीतलं पहिलं जुळणारं चांदूर उचलतो. म्हणजे ही चूक मॉडेल आणि कोड दोघांची मिळून झाली आहे. मोकळा रकाना काढा आणि इनम द्या, म्हणजे ठरलेल्या पर्यायांची यादी: चांदूर_बाजार, चांदूर_रेल्वे, अचलपूर, दर्यापूर, अशी तुम्ही ज्या समित्यांचा भाव देता तेवढीच. साच्यातून पाठवता येणारी मूल्यंच तेवढी ठेवली की मॉडेलला मनचं गाव घालायला वाव फार कमी उरतो. तरी कोडमध्येही यादी तपासा, काही मॉडेलं यादीबाहेरचं मूल्य पाठवून पाहतात.

रकान्याच्या वर्णनात लिहा: ‘शेतकऱ्यानं नुसतं चांदूर म्हटलं तर कोणतं ते विचारा, अंदाज करू नका. कारंजा म्हटलं तरी तसंच, वाशीम जिल्ह्यातलं कारंजा लाड वेगळं आणि वर्धा जिल्ह्यातलं कारंजा घाडगे वेगळं. आर्वी वर्धा जिल्ह्यात, आर्णी यवतमाळ जिल्ह्यात. पांढरकवडा आणि केळापूर एकच तालुका.’ आर्वी-आर्णीची जोडी विशेष त्रास देते, कारण तुमचे बरेचसे सभासद बोलून संदेश पाठवत असतील आणि बोलण्याचं अक्षरात रूपांतर होताना ‘व’चा ‘ण’ व्हायला वेळ लागत नाही. या दोन्हींपैकी काही आलं तर उत्तरात जिल्ह्याचं नाव घ्यायला सांगा, ‘आर्णी, जि. यवतमाळ’. चुकलं असेल तर शेतकरी स्वतःच टोकतो.

पिकांच्या रकान्यातही हेच. मूल्य एकच ठेवा, पण लोक ज्या शब्दांनी विचारतात ते वर्णनात लिहा: पऱ्हाटी, कपाशी, कापूस हे एकाच मूल्याकडे, हरभरा आणि चना एकाकडे. धान आणि तांदूळ मात्र वेगळे ठेवा. सरकी म्हणजे कापूस नव्हे, हेही.

तीन एकर वीस गुंठे

मॉडेलला गणित येत नाही म्हणून हा हिशेब चुकला असं समजू नका. तुमचा रकाना ‘क्षेत्र’ या नावाचा एक दशांश आकडा मागतो. शेतकऱ्यानं तीन आणि वीस असे दोन आकडे दिले, रकाना एकच, म्हणून मधे टिंब आलं. खरं क्षेत्र साडेतीन एकर. एकरी ३० किलो सोयाबीन धरलं तर १०५ किलो लागतं, एजंटनं ९६ सांगितलं. दुसरं वावर घ्या: तीन एकर पाच गुंठे म्हणजे ३.१२५ एकर. तिथे ३.०५ येऊ शकतं, नाहीतर ३.५. साडेतीन धरलं तर अकरा किलोवर बियाणं जास्त विकत घेतलं जातं.

यावर वर्णनात ‘गुंठ्यांचं एकरात रूपांतर करा’ असं लिहिणं हा अर्धा उपाय झाला. साचाच बदला. ‘एकर’ हा पूर्णांकाचा एक रकाना, ‘गुंठे’ हा दुसरा, किमान ० आणि कमाल ३९. शेतकऱ्याच्या तोंडून जे आलं ते तसंच दोन रकान्यांत जातं आणि भागाकार तुमचा कोड करतो. वर्णनात चार उदाहरणं द्या: ‘साडेतीन एकर = एकर ३, गुंठे २०. पावणेतीन एकर = एकर २, गुंठे ३०. दीड एकर = एकर १, गुंठे २०. वीस गुंठे = एकर ०, गुंठे २०.’ पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांची मॉडेलला साधारण जाण असते, पण पावणेतीनच्या ठिकाणी सव्वातीन झाल्याचं कुणाच्याच लक्षात येत नाही. चार उदाहरणांचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

सातबारावरचं क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, त्याची वाट वेगळी करा. कुणी सातबाऱ्याचा फोटो पाठवला आणि त्यावर १.६२ असेल, तर ते १ हेक्टर ६२ आर, म्हणजे जवळपास चार एकर. मॉडेलनं ते १.६२ एकर म्हणून भरलं तर निम्म्याहून कमी वावराचं बियाणं येईल. ‘एकक’ नावाचा सक्तीचा रकाना ठेवा, त्यात एकर_गुंठे आणि हेक्टर_आर असे दोनच पर्याय, आणि लिहा: ‘आकडा सातबाऱ्यावरून घेतला असेल तर हेक्टर_आर. शेतकऱ्यानं एकक सांगितलंच नसेल तर विचारा.’

याच टूलमध्ये ‘बॅग’ हा शब्दही सांभाळा. कपाशीच्या बियाण्याचं पाकीट ४७५ ग्रॅमचं, युरियाची बॅग ४५ किलोची, डीएपीची ५० किलोची. आपल्याकडे तिन्हींना बॅगच म्हणतात. उत्तरात नुसतं ‘७ बॅगा’ येऊ देऊ नका. टूलच्या उत्तरातल्या रकान्यांच्या नावातच एकक घाला, ‘बियाणे_किलो’, ‘पाकिटे_४७५_ग्रॅम’. वर्णनात लिहिलेलं मॉडेल कधी विसरेल, पण उत्तराच्या नावातच किलो असेल तर ते सहसा सुटत नाही.

फवारणीची मात्रा

हे टूल आहे तसं चालू ठेवू नका, आजच बंद करा आणि नीट करून मग सुरू करा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते तुमच्या सभासदांना विसरण्यासारखं नाही. तुमचं टूल ‘१० मिली’ एवढंच उत्तर देतं. औषधांची मात्रा बऱ्याचदा १० लिटर पाण्याला दिलेली असते, आणि पाठीवरचा पंप १५ किंवा १६ लिटरचा असतो. ‘१० मिली’ला आधार नसला की एजंट पुढे ‘पंपाला’ हा शब्द स्वतःहून जोडतो. आज मात्रा कमी पडेल. उद्या टूलनं एकराची मात्रा दिली आणि एजंट तीच पंपाला सांगून बसला, तर फवारणाऱ्याच्या जिवाशी गाठ आहे.

म्हणून उत्तर असं द्या: ‘मात्रा_मिली_प्रति_१०_लिटर_पाणी: १०’. पंपाची क्षमता हा सक्तीचा रकाना ठेवा आणि गुणाकार कोडमध्ये करून ‘या_पंपासाठी_मिली: १६’ असा तयार आकडा पाठवा. वर्णनात: ‘पंप किती लिटरचा आहे हे शेतकऱ्यानं सांगितलं नसेल तर आधी विचारा. पेट्रोलच्या पॉवर पंपासाठी हे टूल वापरू नका. दोन औषधं मिसळण्याबद्दल हे टूल काही सांगत नाही, तसा प्रश्न आला तर कंपनीच्या कृषी अधिकाऱ्याकडे पाठवा. उत्तरात आलेली सुरक्षिततेची सूचना न गाळता द्या.’ औषधाचं नाव यादीत नसेल तर जवळचं नाव उचलायचं नाही, हेही लिहा. औषधांची नावं एकमेकांसारखी असतात.

काल, आज, परवा

आज तारीख काय आहे हे मॉडेलला आपोआप कळत नाही, ती दर संभाषणाच्या सुरुवातीच्या सूचनेत घाला. तारखेचा रकाना वर्ष-महिना-दिवस अशा एकाच पद्धतीत मागा. आणि ‘परवा’ सांभाळा, तो दोन्हीकडे जातो. बाजारभावाच्या टूलमध्ये लिहा, ‘इथे परवा म्हणजे नेहमी गेलेला दिवस’, हवामानाच्या टूलमध्ये लिहा, ‘इथे परवा म्हणजे येणारा दिवस’. आपल्याकडे बोलण्यात हिंदीही मिसळते, तेव्हा ‘कल’ला हीच ओळ लावा.

दोन टोकनं का निघाली

नोंदी पाहिल्यात तर बहुधा असं दिसेल: पहिल्या वेळी टोकन निघालं, पण नेट रेंगाळलं आणि उत्तर वेळेत परत आलं नाही. मॉडेलला ‘एरर’ एवढाच शब्द मिळाला. त्यानं शहाण्यासारखं पुन्हा लावून पाहिलं. वर्णनात लिहा: ‘हे टूल खरं टोकन काढतं आणि शेतकऱ्याला एसएमएस जातो. लावण्याआधी माल, अंदाजे क्विंटल आणि तारीख शेतकऱ्याला वाचून दाखवा आणि होकार घ्या. उत्तर आलं नाही तर पुन्हा लावू नका, आधी टोकन_पाहा वापरा.’

पण ताई, वर्णनाला कुलूप समजू नका. एका शेतकऱ्याचं, एका मालाचं, एका दिवसाचं दुसरं टोकन निघणारच नाही अशी तपासणी कोडमध्ये हवी. तुम्ही एमसीपी वापरत असाल, म्हणजे अँथ्रोपिकनं नोव्हेंबर २०२४ मध्ये खुली केलेली जोडणीची पद्धत, तर तिथे ‘फक्त वाचतं’ आणि ‘मोडतोड करू शकतं’ अशा खुणा टूलवर लावता येतात. त्या लावा, पण त्याही सूचनाच आहेत.

चुकीचे संदेशही वर्णनाचाच भाग समजा. ‘एरर ४००’ वाचून मॉडेल काय करणार? ‘तारीख मागची आहे, आजची किंवा पुढची द्या’ असं पाठवलंत तर ते पुढच्या फेरीत स्वतः सुधारतं.

आणखी एक. टोकनच्या टूलमध्ये तुम्ही ‘शेतकऱ्याचा मोबाईल’ हा रकाना मॉडेलकडून भरून घेता. तो काढून टाका. संदेश कोणत्या नंबरवरून आला हे तुमच्या सर्व्हरला माहीत असतंच, तिथूनच घ्या. नाहीतर संभाषणात दुसरा कुठलाही दहा आकडी नंबर आला की तोच भरला जाईल, आणि शेजाऱ्याचा नंबर सांगून त्याचं टोकन पाहण्याचीही सोय होईल.

बाकीच्या टूलबद्दल थोडक्यात. शेतकरी_माहिती, सभासद_तपशील आणि शेत_माहिती ही तीन टूल जवळपास एकच काम करतात, त्यांचं एक करा. एआय मॉडेल बनवणारी दुसरी कंपनी ओपनएआय, तिचा सल्ला एका वेळी वीसपेक्षा कमी टूल ठेवण्याचा आहे. तुम्ही त्याच्या आतच आहात, तरी सारखी दिसणारी टूल चारही जास्तच. तीन ठिकाणी ‘अत्यंत महत्त्वाचे, नेहमी वापरा’ असं लिहिलंय ते पुसा. त्यामुळे ‘राम राम’ म्हटलं तरी टूल लागतं.

इंग्रजी की मराठी

दोन्ही चालतात. मॉडेल मजकुराचे छोटे तुकडे करून वाचतं आणि त्या तुकड्यांवर पैसे लागतात, त्यांनाही टोकनच म्हणतात (माल आणण्याचं टोकन वेगळं). देवनागरी मजकुराला साधारण जास्त टोकन लागतात, आणि वर्णनं दर विनंतीबरोबर पुन्हा पाठवली जातात, म्हणून खर्चात फरक पडतो. तरी ज्या भाषेत तुम्हाला अचूक लिहिता येतं ती घ्या. मोडक्या इंग्रजीपेक्षा नेमकं मराठी वर्णन केव्हाही बरं. इंग्रजीत लिहिलंत तरी पऱ्हाटी, वावर, गुंठे, परवा हे शब्द देवनागरीतच ठेवा, शेतकरी ते तसेच बोलणार आहेत.

तपासणी

हातानं टूल चालवून पाहणं म्हणजे कोड तपासणं. वर्णन तपासायला व्हॉट्सअ‍ॅपच्या नोंदींतून चाळीस खरे प्रश्न काढा, नावं आणि नंबर पुसून, पण बोली तशीच ठेवून. प्रत्येकापुढे कोणतं टूल लागायला हवं आणि रकान्यांत काय यायला हवं ते लिहा. त्यात आठेक प्रश्न असे ठेवा की कोणतंच टूल लागू नये (‘कर्जमाफी होईन का?’), आणि पाचेक असे की एजंटनं उलट विचारायला हवं (‘चांदूरचा भाव सांगा’). प्रत्येक प्रश्न तीनदा चालवा, कारण मॉडेल दर वेळी सारखं वागत नाही.

मग चुका वेगळ्या करा. टूलच चुकीचं लागलं असेल तर त्या टूलचं आणि ज्याच्याशी गल्लत झाली त्याचं, अशी दोन्ही वर्णनं सुधारा. टूल बरोबर पण रकान्यात चूक असेल तर त्या रकान्याचं वर्णन किंवा साचा बदला. दोन्ही बरोबर असून शेतकऱ्याला चुकीचं सांगितलं गेलं असेल तर दोष टूलच्या उत्तरातल्या नावांत शोधा. एका वेळी एकच वर्णन बदला आणि चाळीसही प्रश्न पुन्हा चालवा. बाजारभावाचं वर्णन सुधारताना हमीभावाचं बिघडतं, आणि ते चाळीस चालवल्याशिवाय दिसत नाही.

फवारणीचं टूल बंद केलंत की पहिला हात बियाण्याच्या हिशेबाला घाला, मृग लागायच्या आत तो बिनचूक व्हायला हवा. त्यानंतर भाव. टोकनला नवा सोयाबीन येईपर्यंत वेळ आहे, पण कोडमधली दुबार तपासणी तेवढी याच आठवड्यात करून टाका.